चेहऱ्याची मापे: स्त्री, पुरुष आणि मधली सरासरी

चेहऱ्याची उंची मोजणे हे दिसते तितके सोपे काम नाही. मोजणारा समोरच्या व्यक्तीला ताठ बसवतो, नजर सरळ समोर ठेवायला सांगतो, दात एकमेकांवर हलके टेकले आहेत आणि ओठ सैल मिटले आहेत याची खात्री करून घेतो. मग दोन भुवयांच्या मधोमध, नाक जिथे कपाळाला मिळते तिथल्या खोलगट जागी बोट ठेवून तो हाडांचा सांधा चाचपतो. या बिंदूला नेझिऑन म्हणतात. दुसरा बिंदू म्हणजे हनुवटीच्या हाडाची मधोमध असलेली सर्वांत खालची कड. तिचे नाव ग्नेथिऑन. या दोन बिंदूंमधले सरळ अंतर सरकत्या कॅलिपरने मिलिमीटरमध्ये घेतले की चेहऱ्याची उंची मिळते. रुंदीसाठी वाकड्या पायांचा आणि गोल टोकांचा वेगळा कॅलिपर लागतो. तो कानांच्या थोडे पुढे, दोन्ही गालांच्या हाडांवर मागेपुढे फिरवत न्यायचा आणि अंतर सर्वाधिक भरेल तिथे थांबवायचा. टोके त्वचेवर टेकली पाहिजेत, रुतता कामा नयेत. गाल भरलेले असतील आणि मोजणाऱ्याच्या हाताचा जोर थोडा वाढला, तर एकदोन मिलिमीटर सहज कमी होतात. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासात तेच चेहरे दोनदा मोजून दोन्ही मापांत किती तफावत पडते हे आधी तपासले जाते. हे एकदोन मिलिमीटर लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण स्त्री-पुरुषांच्या चेहऱ्यांतले काही फरक नेमके तेवढ्याच आकाराचे असतात.

गोव्यातल्या एखाद्या समाजातल्या स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या मुखमापांत किती फरक आढळतो, हा या लेखामागचा प्रश्न आहे. असेच प्रश्न घेऊन जगभर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. त्यांचे निष्कर्ष वाचताना जो गोंधळ होतो, तो आकडे सांगूनच दूर करता येईल. त्यासाठी मी मुद्दाम एका मोठ्या आणि नीट प्रसिद्ध झालेल्या मोजणीचा आधार घेतो. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्याच्या शासकीय संस्थेने 2003 साली धूळ-वायूपासून संरक्षण करणारे मुखवटे वापरणाऱ्या 3,997 व्यक्तींची मापे घेतली. त्यांत 2,543 पुरुष आणि 1,454 स्त्रिया होत्या. चेहऱ्याची उंची पुरुषांमध्ये सरासरी 122.7 मिलिमीटर भरली आणि स्त्रियांमध्ये 113.4. गालांच्या हाडांमधली रुंदी अनुक्रमे 143.5 आणि 135.1 मिलिमीटर आली. म्हणजे उंचीत सुमारे आठ टक्के आणि रुंदीत सुमारे सहा टक्के फरक. हे आकडे अमेरिकेतले आहेत आणि गोव्यातल्या चेहऱ्यांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तसे का, हाच या लेखाचा मुख्य भाग आहे.

प्रथम या सरासरीकडे पाहू. पुरुषांची सरासरी 122.7 आहे याचा अर्थ पुरुषांचे चेहरे तेवढे असतात असा होत नाही. त्यांची मापे सरासरीच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असतात आणि तो पसरटपणा, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, तिथे सात मिलिमीटर होता. स्त्रियांच्या बाबतीत तो सहा मिलिमीटरांच्या आसपास होता. दोन सरासऱ्यांमधले अंतर नऊ मिलिमीटर आणि प्रत्येक गटाचा आतला पसारा सहा-सात मिलिमीटर, म्हणजे दोन्ही गट एकमेकांवर मोठ्या प्रमाणात पसरलेले असणार हे उघड आहे. हिशेब मांडला तर शंभरातल्या सुमारे नऊ पुरुषांचा चेहरा सरासरी स्त्रीच्या चेहऱ्यापेक्षा कमी उंचीचा निघतो, आणि शंभरातल्या सुमारे सहा स्त्रियांचा चेहरा सरासरी पुरुषाच्या चेहऱ्यापेक्षा उंच निघतो. स्त्री-पुरुष समसमान असलेल्या गटात केवळ उंचीचा आकडा देऊन ही व्यक्ती स्त्री की पुरुष असे विचारले, तर चारांपैकी साधारण तीन वेळा उत्तर बरोबर येईल आणि एकदा चुकेल. संशोधनाच्या भाषेत हा फरक ‘सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय’ ठरतो. त्या शब्दांचा अर्थ इतकाच की फरक योगायोगाने आलेला नसावा. फरक मोठा आहे, किंवा एकट्यादुकट्या माणसाला तो लागू होतो, असे त्यांतून निघत नाही. हजारो माणसे मोजली की अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा लक्षणीय ठरू शकतो.

दुसरी गोष्ट आकार आणि आकृती यांच्यातल्या भेदाची. अमेरिकेतल्या पुरुषांची शरीराची उंचीही स्त्रियांपेक्षा आठ टक्क्यांच्या आसपास जास्त आहे, तेव्हा चेहरा त्याच प्रमाणात मोठा असला तर त्यात नवल नाही. आकृती बदलते का हे पाहण्यासाठी मानवशास्त्रज्ञ मुखनिर्देशांक काढतात: चेहऱ्याच्या उंचीला रुंदीने भागायचे आणि शंभराने गुणायचे. वरच्या सरासऱ्यांवरून पुरुषांचा निर्देशांक सुमारे 85.5 येतो आणि स्त्रियांचा सुमारे 83.9. उंचीतला आठ टक्क्यांचा फरक इथे दोन टक्क्यांच्या आत आला. पण इथेच काळजी करण्याजोगी गोष्ट आहे, कारण रूढ वर्गीकरणात 80 ते 85 हा निर्देशांक ‘रुंद चेहरा’ मानतात आणि 85 ते 90 हा ‘मध्यम चेहरा’. मधली रेषा नेमकी या दोन आकड्यांच्या मधून जाते, आणि परिणामी दीड अंकाच्या फरकाला दोन वेगळी नावे मिळतात. ‘या समाजातल्या पुरुषांचे चेहरे मध्यम आणि स्त्रियांचे रुंद असतात’ असे वाक्य वाचले की वाचकाच्या डोळ्यांपुढे दोन निराळे चेहरे उभे राहतात, प्रत्यक्षात ते बहुतांशी सारखेच असतात. वर्गीकरणाच्या तक्त्यापेक्षा मूळ सरासरी आणि तिचा पसारा पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

याचा अर्थ आकृतीत काहीच फरक नसतो असा मात्र नाही. चेहऱ्याचे सगळे भाग सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. डोळ्यांच्या परिसरातला फरक सर्वांत कमी असतो. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधले अंतर, जे चष्मेवाला चष्मा बनवण्याआधी मोजतो, ते अमेरिकन सैन्यातल्या मोजणीत पुरुषांमध्ये सरासरी 64 आणि स्त्रियांमध्ये 62 मिलिमीटरांच्या आसपास आले. डोळे आणि त्यांच्याभोवतीची हाडे मेंदूबरोबर लहानपणीच मोठी होतात, तेव्हा मुलगा-मुलगी या भेदाला तिथे फारसा वाव उरत नाही. याउलट खालचा जबडा चेहऱ्यात सर्वांत उशिरापर्यंत वाढत राहतो. मुलींच्या चेहऱ्याची वाढ साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी पुरी होत आलेली असते, मुलांची अठरा-वीस वर्षांपर्यंत चालू राहते, आणि या जादा वर्षांचा मोठा वाटा जबड्याला मिळतो. म्हणून पुरुषांची हनुवटी अधिक उंच आणि चौकोनी दिसते, जबड्याचा कानाखालचा कोन काटकोनाकडे झुकतो, तर स्त्रियांमध्ये तोच कोन अधिक मोकळा राहतो. पुरुषांच्या भुवयांखालचा हाडाचा उंचवटा ठळक असतो, कपाळ मागे कललेले असते. स्त्रियांचे कपाळ अधिक उभे आणि गुळगुळीत असते.

नाकाची कथा थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी युरोपीय वंशाच्या काही मुलामुलींची मापे वयाच्या तिसऱ्या वर्षापासून पंचविशीच्या आसपासपर्यंत तपासली. अकराव्या वर्षापर्यंत मुलामुलींच्या नाकांत विशेष फरक नव्हता. पुढे मुलांचे नाक शरीराच्या मानाने अधिक वेगाने वाढत गेले, आणि सारख्या शरीरयष्टीच्या स्त्रीच्या तुलनेत पुरुषाचे नाक सुमारे दहा टक्के मोठे भरले. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण असे की वयात येताना मुलांच्या अंगी स्नायू अधिक चढतात, स्नायूंना प्राणवायू अधिक लागतो, आणि तो आत घेण्याची वाट त्या मानाने रुंद होते. दुसऱ्या बाजूला, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम आफ्रिका, पूर्व आशिया, दक्षिण आशिया आणि उत्तर युरोप इथल्या वंशाच्या माणसांची नाके तपासली, तेव्हा नाकपुड्यांची रुंदी पूर्वजांच्या प्रदेशातल्या उष्णतेशी आणि हवेतल्या दमटपणाशी जुळलेली दिसली. थंड, कोरडी हवा फुप्फुसांत जाण्याआधी गरम आणि ओलसर व्हावी लागते आणि अरुंद नाकात ते अधिक चांगले साधते. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तसे बंधन नाही. एकाच नाकात अशी दोन कारणे एकत्र नांदतात: स्त्री-पुरुष भेदाचे कारण शरीराच्या आत, समाजा-समाजातल्या भेदाचे कारण काही अंशी हवामानात. ती दोन्ही एकमेकांत मिसळून बोलले की निष्कर्ष बिघडतात.

समाजानुसार मापे बदलतात ही जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत मूर्तीची मापे देताना चेहरा स्वतःच्या अंगुलमानाने बारा अंगुळे लांब आणि तितकाच रुंद असावा असे सांगितले, आणि लगेच नग्नजित या शिल्पशास्त्रकाराच्या मते द्राविड मापाने लांबी चौदा अंगुळे असते अशी नोंद केली. शिल्पकाराला एकच प्रमाण सर्वत्र चालत नाही हे त्यात गृहीत आहे. एकोणिसाव्या शतकात हेच मोजमाप वेगळ्या हेतूने हाती घेतले गेले. हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने नाकाची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तरावरून जातींची उतरंड लावता येते असे प्रतिपादन केले, आणि 1901 च्या जनगणनेचा आयुक्त म्हणून त्याच्या मताला वजनही आले. आपल्या शेजारच्या मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1932 साली तेच आकडे प्रांतवार तपासले आणि उत्तर हिंदुस्थानाबाहेर नाकाची मापे आणि जातीची प्रतिष्ठा यांचा मेळ बसत नाही हे दाखवून दिले. त्याच सुमारास बर्लिनमध्ये शिकत असलेल्या इरावती कर्वे यांनी 149 कवट्या मोजून, कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध नाही असा निष्कर्ष आपल्या मार्गदर्शकाच्या, म्हणजे ऑयगेन फिशर यांच्या, अपेक्षेविरुद्ध मांडला. मार्गदर्शकाला न आवडणारे उत्तर आकड्यांशी प्रामाणिक राहून देणे, तेही परक्या देशात, याचे मोल मला फार वाटते.

गोवाही या इतिहासाबाहेर नव्हता. पणजीच्या जुन्या वैद्यकीय शाळेत, जिची स्थापना 1842 साली झाली आणि जिच्या परंपरेतून आजचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, तिथले डॉक्टर जेर्मानो कोर्रेया यांनी पोर्तुगीज राजवटीच्या उत्तरकाळात सत्तरी तालुक्यातल्या राणे समाजाची आणि इतर गटांची शारीरिक मापे घेऊन लेखन केले. ते स्वतः पोर्तुगीज वंश सांगणाऱ्या समाजातले होते, आणि त्या समाजाचे रक्त मिसळलेले नाही हे सिद्ध करण्याकडे त्यांचा ओढा होता. आधी उत्तर ठरवून मग कॅलिपर उचलला की काय होते याचे हे घरचे उदाहरण आहे.

यातून एक अडचणीचा प्रश्न पुढे येतो: ‘गोव्यातला एक समाज’ असे म्हणताना गट नेमका कोणता धरायचा? गावडा समाजाचेच पाहा. त्यात हिंदू गावडे आहेत, ख्रिस्ती गावडे आहेत, आणि 1928 साली मसूरकर महाराजांच्या शुद्धी चळवळीत ख्रिस्ती धर्मातून हिंदू धर्मात परतलेले नवहिंदू गावडेही आहेत. धर्म बदलल्याने जबड्याचे हाड बदलत नाही, पण त्यानंतर लग्नाची नाती कोणाशी जुळतात हे बदलते, आणि काही पिढ्यांनी त्याचा थोडाफार ठसा उमटू शकतो. सारस्वत, भंडारी, खारवी, मराठा किंवा पेडणे-डिचोलीकडचे इतर समाज घेतले तरी हद्दीपलीकडच्या सिंधुदुर्गातल्या आणि कारवारातल्या सोयरिकी आड येतात. चेहऱ्यावरून गाव आणि जात ओळखता येते असा दावा करणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत; ते बहुधा बोलण्याची ढब, कपडे आणि आडनाव यांवरून ओळखत असतात. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी 1972 साली दाखवले की माणसांतल्या आनुवंशिक विविधतेचा सुमारे 85 टक्के भाग एकेका समाजाच्या आतच आढळतो. कवटीच्या मापांचेही चित्र पुष्कळसे तसेच आहे.

मग समाजागणिक वेगळी मोजणी करायची कशाला, असे कोणी विचारील. कारण सरासरी थोडीशी सरकली तरी तिच्यावर बांधलेले सूत्र कोसळते. अनोळखी कवटी स्त्रीची की पुरुषाची हे ठरवताना न्यायवैद्यक तज्ज्ञ अनेक मापे एकत्र करून एक आकडा काढतात आणि तो ठरलेल्या सीमेच्या वर की खाली हे पाहतात. तत्त्व कळावे म्हणून एकच माप घेऊ. वर दिलेल्या दोन रुंदींच्या मधोमध 139 मिलिमीटर येतात; त्याहून रुंद तो पुरुष, अरुंद ती स्त्री, असा नियम त्या गटापुरता बऱ्यापैकी चालेल. आता समजा दुसऱ्या एखाद्या समाजात सगळ्यांचेच चेहरे अरुंद आहेत आणि पुरुषांची सरासरी 134 मिलिमीटर आहे. तोच नियम तिथे लावला तर बहुसंख्य पुरुष स्त्रिया ठरतील. स्त्रिया मात्र जवळजवळ सगळ्या बरोबर ओळखल्या जातील, आणि अहवालात केवळ स्त्रियांचे यश छापले तर सूत्र उत्तम आहे असा भास होईल. सापडलेल्या सांगाड्याचे लिंग चुकले की बेपत्ता माणसांच्या यादीतली अर्धी नावे पहिल्याच टप्प्यावर बाद होतात, आणि त्यांत नेमके हवे ते नाव असू शकते. यासाठी शक्य तिथे श्रोणीचे, म्हणजे कटीचे, हाड आधी पाहतात, कारण बाळंतपणाशी संबंध असल्याने तिथला भेद चेहऱ्यापेक्षा कितीतरी स्पष्ट असतो.

दंतवैद्यकात पूर्ण कवळी बसवताना जुना ठोकताळा असा आहे की चेहऱ्याच्या रुंदीचा सोळावा भाग म्हणजे वरच्या मधल्या एका दाताची रुंदी. 135 मिलिमीटर रुंदीच्या चेहऱ्याला त्या हिशेबाने साडेआठ मिलिमीटरांच्या जवळपासचा दात येतो, 144 च्या चेहऱ्याला नऊचा. ज्यांचे सगळे दात गेले आहेत त्यांचे मूळ दात कसे होते हे सांगणारे दुसरे काही हाताशी नसते, तेव्हा हा ताळा उपयोगी पडतो. पण तो सगळ्या समाजांत सारखा जुळत नाही, आणि दात गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याची उंची आधीच घटलेली असते हेही ध्यानात ठेवावे लागते. त्याच कारणाने मुखमापनाच्या अभ्यासात वयाची अट कडक हवी. अठरा ते तिशीतल्या विद्यार्थ्यांची मापे साठीच्या माणसांना लावून उपयोग नाही.

ज्या मोजणीपासून सुरुवात केली ती मुखवट्यांसाठी होती, आणि आज आपल्यासाठी तोच विषय सर्वांत निकडीचा आहे असे मला वाटते. अमेरिकेत मुखवट्यांचे आकार ठरवण्यासाठी 1970 च्या दशकात जो तक्ता केला, तो 1967-68 मध्ये हवाई दलातल्या माणसांच्या घेतलेल्या मापांवर आधारलेला होता. सैन्यात भरती होणारी माणसे तरुण, सडपातळ आणि निवडून घेतलेली. 2003 च्या मोजणीत दिसले की प्रत्यक्ष कामगारांपैकी सुमारे 15 टक्क्यांचे चेहरे त्या तक्त्याच्या बाहेर पडतात. नवा तक्ता झाला. त्यात उंची 98.5 ते 138.5 आणि रुंदी 120.5 ते 158.5 मिलिमीटर अशी कक्षा धरली आहे. कोविडच्या काळात एन-95 मुखवटे घालून तासन्‌तास काम करणाऱ्या परिचारिकांमध्ये लहान चेहऱ्याच्या स्त्रियांची अडचण जगभर समोर आली: मुखवटा नाकाच्या दांड्यापाशी उचलला जातो, हनुवटीखाली फट राहते, आणि गाळण्याचा कपडा कितीही उत्तम असला तरी हवा फटीतूनच आत जाते.

गोव्यात वेर्णा-कुंडईच्या औषधी कारखान्यांत पुष्कळ स्त्रिया काम करतात. खाणपट्ट्यात आणि चिरेखाणींवर धुळीतले काम आजही आहे. त्यांच्यासाठी मुखवटे विकत घेताना एकाच आकाराचे खोके मागवून भागत नाही. इथल्या निरनिराळ्या समाजांतल्या स्त्री-पुरुषांची, वय आणि शरीराची उंची यांच्यासह, नीट मोजणी झाली तर कोणते आकार किती लागतील हे आधीच सांगता येईल, आणि त्या मोजणीत जातीची उतरंड शोधण्याचे काहीच कारण उरणार नाही. तोपर्यंत प्रत्येक माणसाची वेगळी चाचणी हाच मार्ग आहे. मुखवटा घातलेल्या व्यक्तीच्या डोक्यावर पारदर्शक टोप ठेवतात आणि आत कडू चवीच्या द्रावणाचे तुषार सोडतात. ती व्यक्ती मान डावी-उजवीकडे वळवते, वर-खाली पाहते, मोठ्याने बोलते. तेवढ्यात जिभेला कडू लागले तर तो आकार तिचा नव्हे, आणि दुसरा आकार देऊन चाचणी पहिल्यापासून करावी लागते.